गेलेला उंदीर आणि जाणारे शेवाळ

सरकारी सेवेत लागलेल्या सवयी निवृत्तीनंतरही सुटत नाहीत. वर्तमानपत्रांतील कात्रणे काढून ती विषयवार पाकिटांत लावून ठेवणे ही आमची अशीच एक सवय. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत एका पाकिटात दोन कात्रणे शेजारी शेजारी निघाली. पहिले फेब्रुवारी २०१९ चे होते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ‘ब्रॅम्बल के मेलोमिस’ नावाचा एक छोटा उंदीर नामशेष झाल्याचे अधिकृतपणे जाहीर केले होते. दुसरे ऑगस्ट २०२३ चे. तिबेटच्या पठारावरील ‘ताकाकिया’ नावाचे जगातील एक अतिप्राचीन शेवाळ तापमानवाढीमुळे नष्ट होण्याच्या वाटेवर आहे, असे शास्त्रज्ञांनी म्हटले होते. महाविद्यालयात शिकणारी आमची नात मदतीला बसली होती. तिने दोन्ही वाचली आणि विचारले, “आजोबा, यातल्या कशाचं तुम्हाला जास्त वाईट वाटतं?”

आम्ही न थांबता उत्तर दिले, “उंदराचं.” तिने लगेच पुढचा प्रश्न केला, “का? शेवाळ तर अजून आहे.” या ‘का’चे उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही. ते शोधण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम दोन्ही जीवांची ओळख करून घेतली पाहिजे. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्या मधल्या टॉरेस सामुद्रधुनीत ब्रॅम्बल के हे प्रवाळाच्या वाळूचे इवलेसे बेट आहे. लांबी सुमारे ३४० मीटर, रुंदी १५० मीटर आणि उंची समुद्रसपाटीपासून फार तर तीन मीटर. आपल्या वडोदऱ्याच्या एखाद्या मोठ्या मैदानाएवढीच ही जागा. समुद्रपक्षी आणि हिरवी कासवे तेथे अंडी घालावयास येतात. वीतभरही नसलेले शरीर व जवळपास तेवढीच शेपटी असलेला हा उंदीर तेथील खुरट्या झाडोऱ्यावर जगत असे. १८४५ मध्ये ‘ब्रॅम्बल’ या इंग्रजी जहाजावरील लोक बेटावर उतरले तेव्हा हे प्राणी इतके विपुल होते, की खलाशांनी केवळ करमणूक म्हणून धनुष्यबाणांनी त्यांची शिकार केली. १९२४ मध्ये ओल्डफील्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञाने या जातीला शास्त्रीय नाव दिले. १९९८ च्या पाहणीत त्यांची संख्या नव्वदीच्या आसपास आली होती. २००९ च्या अखेरीस एका मच्छीमाराने एक उंदीर पाहिला, तो शेवटचा. २०१४ मध्ये संशोधकांनी सापळे आणि कॅमेरे लावून बेट पिंजून काढले, पण एकही सापडला नाही.

त्याला कोणी मारले? उत्तर सरळ आहे आणि म्हणूनच अवघड आहे. समुद्राची पातळी वाढली, वादळी भरतीचे पाणी वारंवार बेटावरून फिरले आणि खाऱ्या पाण्याने झाडोरा जळून गेला. २००४ मध्ये सुमारे सव्वादोन हेक्टरांवर हिरवळ होती, ती मार्च २०१४ मध्ये ०.०६५ हेक्टरांवर आली. शंभरातील सत्त्याण्णव भाग दहा वर्षांत गेले. अन्न गेले, आडोसा गेला, आणि उंचावर पळून जावे तर त्या बेटाला उंची अशी नव्हतीच. मानवनिर्मित हवामानबदलामुळे नष्ट झालेला पहिला सस्तन प्राणी म्हणून आज त्याची नोंद होते.

आता दुसरा जीव. आपण बोलताना ‘शेवाळ’ हा शब्द सैलपणे वापरतो. विहिरीच्या पायरीवरचे, पाण्यावर तरंगणारे आणि पावसाळ्यात वाड्याच्या भिंतीवर येणारे मखमली, सर्वच आपल्या लेखी शेवाळ. शास्त्रीय मराठीत यांतील मखमली प्रकाराला ‘हरिता’ म्हणतात. ताकाकिया ही हरिता आहे. उंची जेमतेम एक सेंटीमीटर आणि पाने बोटांसारखी विभागलेली. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ ताकाकी यांच्या नावावरून १९५८ मध्ये तिचे नामकरण झाले. तिचे कूळ कोणते याविषयी पंडितांत दीर्घकाळ वाद होता. १९९० च्या सुमारास अलास्काकडील अल्यूशन बेटांवर तिच्या भगिनी-जातीची बीजाणुधारक रोपे सापडली, तेव्हा कुठे ही हरिताच असा निवाडा झाला. या कुळात आज दोनच जाती उरल्या आहेत.

चिनी व जर्मन शास्त्रज्ञांनी २०१० पासून दहा-अकरा वर्षे तिबेटच्या पठारावर चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर जाऊन तिचा अभ्यास केला. त्यांच्या अनुमानाप्रमाणे या वनस्पतीचा वंश सुमारे ३९ कोटी वर्षांचा आहे. आंतर-मंगोलियात मिळालेल्या साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मातील तिचे रूप आजच्या रूपाशी जुळते. डायनासोर येऊन गेले, ही राहिली. हिमालय उभा राहू लागला तो अवघ्या साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे ताकाकिया हिमालयात गेली नाही, हिमालयच तिच्या पायांखालून वर आला. वर्षातील आठ महिने बर्फ आणि उरलेल्या काळात प्रखर अतिनील किरण, अशा ठिकाणी तिने स्वतःला हळूहळू बदलून घेतले. मात्र आता ऊन वाढते आहे आणि जवळची हिमनदी वर्षाला सुमारे पन्नास मीटर मागे हटते आहे. ताकाकियाची संख्या दरवर्षी १.६ टक्क्यांनी घटते आहे. शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की या शतकाच्या अखेरीस तिला राहण्याजोगी जागा साऱ्या पृथ्वीवर हजार ते दीड हजार चौरस किलोमीटर उरेल.

आता नातीच्या ‘का’कडे वळू. उंदराचे दुःख आम्हांस अधिक का वाटले?

पहिले उत्तर सुचते ते वेदनेचे. उंदराला भूक लागते, भीती वाटते, पाण्यात बुडताना तो तडफडतो. शेवाळाला हे काही नाही. आमचे शेजारी जैन आहेत आणि संध्याकाळी ओट्यावर त्यांच्याशी आमच्या गप्पा होतात. जीवांची इंद्रियांवरून प्रतवारी करणारी इतकी काटेकोर व्यवस्था त्यांच्या शास्त्राइतकी क्वचितच कोठे असेल. वनस्पती एकेंद्रिय, तिला केवळ स्पर्श. उंदीर पंचेंद्रिय. पंचेंद्रियाच्या हिंसेचा दोष मोठा. म्हणून आम्हांस वाटले, की ते आमच्या बाजूने कौल देतील. त्यांनी हसून सांगितले, की त्यांच्याकडे शेवाळाला ‘अनंतकाय’ म्हणतात, एका देहात अनंत जीव. त्यांचे साधू पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहतात, त्यामागे ओल्या वाटेवर उगवलेले हे जीव पायाखाली येऊ नयेत हेही एक कारण आहे. आपल्या मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायातही वनस्पतींना आंतरिक जाणीव असून त्यांना सुखदुःख होते असे म्हटले आहे. तेव्हा शेवाळाच्या बाजूने बोलणारे आपल्या परंपरेत कोणीच नव्हते, असे नाही.

पण हा वाद बाजूला ठेवला तरी वेदनेच्या मापात एक उणीव आहे. वेदना व्यक्तीला होते, जातीला होत नाही. उपासमारीने मेलेला ब्रॅम्बल के वरील शेवटचा उंदीर आणि आमच्या गल्लीत मांजराने मारलेला उंदीर यांच्या यातनांत फरक कोणता? काही नाही. मग एका मृत्यूची जगभर वार्ता होते आणि दुसऱ्याची होत नाही, याचे कारण वेदना नव्हे, दुसरेच काही असले पाहिजे.

येथे आम्हांस स्वतःचा एक अनुभव सांगितला पाहिजे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा आम्ही दक्षिण गुजरातेत नोकरीस होतो. गावोगावी कचरा उचलणे, औषध फवारणे आणि उंदरांचा नायनाट करणे यांचे कागद आमच्या सहीने निघत. किती विषारी गोळ्या वाटल्या याचे दैनिक पत्रक आम्ही वरिष्ठांकडे पाठवीत होतो. त्यात पापाचा लवलेशही वाटला नाही, आजही वाटत नाही. माणसे वाचवणे हे काम होते. परंतु आज गंमत वाटते ती ही, की आम्ही उंदरांना हेतुपुरस्सर, सरकारी खर्चाने, पत्रके भरून मारले आणि त्या उंदरांच्या जातीला काडीचाही धक्का लागला नाही. टॉरेस सामुद्रधुनीतील उंदराचे आधुनिक काळात कोणी वाईट चिंतले नव्हते. त्याच्या नावे कायद्याचे संरक्षण होते, २००८ मध्ये सरकारने त्याच्या संवर्धनाची योजनाही छापली होती. तो मात्र संपला. म्हणजे जातींचा नाश वैरातूनच होतो असे नाही. तो दूर कोठे तरी केलेल्या, कोणाच्याही मनात नसलेल्या कृतींतून आणि जवळ न केलेल्या कृतींतूनही होतो.

दुसरे माप एकमेवत्वाचे. या मापाने तर आमचे उत्तर सरळ चुकते. मेलोमिस कुळीचे इतर अनेक उंदीर न्यू गिनीत आणि ऑस्ट्रेलियात आजही आहेत. एक फांदी तुटली, झाड उभे आहे. ताकाकियाच्या दोन जाती गेल्या तर ३९ कोटी वर्षांचे एक झाडच मुळासकट जाईल. ग्रंथालयातून एका ग्रंथाची एक आवृत्ती हरवणे आणि एका भाषेतील शेवटचे पुस्तक जळणे, असा हा भेद आहे. तिसरे माप उपयोगाचे. त्याने दोघांचीही किंमत आजच्या बाजारात शून्य येते, म्हणून ते माप आम्ही येथेच सोडून देतो.

मग उंदराकडे आमचा कल का गेला? विचार करता करता जे उत्तर हाती आले ते सुखाचे नाही. उंदराचे दुःख आम्हांस अधिक वाटले, कारण त्याच्यासाठी आता काहीच करावयाचे नाही. मेलेला आपल्याकडे काही मागत नाही. त्याच्याविषयी हळहळले की आपण चांगले ठरतो आणि आपला एक पैसाही खर्च होत नाही. जो अजून जिवंत आहे तो मागतो. पैसा मागतो, वेळ मागतो, सवयी बदलावयास सांगतो आणि एवढे करूनही जगण्याची हमी देत नाही. तेव्हा आमच्या मनाने उंदीर आणि शेवाळ यांची तुलना केलीच नव्हती. त्याने ‘गेलेला’ आणि ‘जाणारा’ यांची तुलना करून सोयीचा पक्ष निवडला होता.

२००८ ची ती संवर्धन-योजना आम्हांस या दृष्टीने फार बोलकी वाटते. समुद्रपातळी आणि वादळे वाढली तरी या योजनेच्या मुदतीत उंदराच्या अस्तित्वावर त्यांचा मोठा परिणाम संभवत नाही, अशा अर्थाचे विधान तीत होते. लिहिणाऱ्यांवर आम्ही दोष ठेवीत नाही. अशी वाक्ये आम्हीही लिहिली आहेत. योजनेची मुदत हेच काळाचे माप धरले, की कोणतेही संकट मुदतीबाहेर ढकलता येते. काही उंदीर पकडून सुरक्षित जागी वाढवावेत या विचाराने माणसे बेटावर पोहोचली तेव्हा उंदीर उरला नव्हता.

आमच्याच दप्तरातील एक गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. आम्ही तालुक्याच्या ठिकाणी असताना एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. गावाबाहेरील जुना तलाव कडेकडेने बुजवला जात आहे, पावसाचे पाणी येण्याची वाट अडली आहे, पाहणी व्हावी, अशी विनंती होती. अक्षर सुंदर, सोबत हाताने काढलेला नकाशा. गुजरातेतील कचेऱ्यांत अशा वेळी एक शब्द लिहितात, ‘दफतरे’. मराठीत ज्याला दप्तरी दाखल म्हणतात तेच. आम्ही तो शब्द लिहिला आणि सही केली. लाच नव्हती, दडपण नव्हते, द्वेष तर नव्हताच. टेबलावर त्याहून निकडीचे कागद होते, इतकेच. दीड-दोन वर्षांनी दुसरे पत्र आले, त्यावरही तोच शब्द. तिसरे आले नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच गावात जुन्या छायाचित्रांचे एक प्रदर्शन भरले. तलावाच्या जागी वसाहत झाली होती आणि तलावाची छायाचित्रे भिंतीवर होती. आम्हांस अध्यक्ष म्हणून बोलावले होते. गेलेल्या जलवैभवाविषयी आम्ही वीस मिनिटे बोललो. टाळ्या पडल्या, एकदोघांनी डोळे पुसले. ते शिक्षक तोवर हयात नव्हते. परतताना गाडीत आम्हांस तो शब्द आठवला. जो तलाव जात होता त्याच्या वाट्याला आमचा एक शब्द आला, जो गेला त्याच्या वाट्याला वीस मिनिटे. नातीच्या प्रश्नाला “उंदराचं” असे उत्तर देणारा मनुष्य तोच होता.

येथे कोणी म्हणेल, हा तलाव तुमच्या हातातला होता, तिबेटचे शेवाळ तुमच्या हातात कोठे आहे? आक्षेप योग्य आहे. हिमनदी मागे हटू नये यासाठी वडोदऱ्यातील एका निवृत्त माणसाने करण्याजोगे फारसे काही नाही आणि तसे भासवणे हा दंभ ठरेल. पण ज्यांच्या हातात थोडे आहे त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत ताकाकियाची रोपे वाढवून ती तिबेटात नेऊन लावली. पाच वर्षांच्या निरीक्षणानंतर त्यांतील काही जगली आणि वाढत असल्याचे आढळले. ३९ कोटी वर्षांच्या वंशासाठी पाच वर्षे आणि काही रोपे हा उपाय केवढासा? तरी त्यांनी तो केला. यशाची खात्री असेल तरच कर्तव्य, असा नियम आपण आजाऱ्याच्या उशाशी बसताना पाळीत नाही, येथे तरी का पाळावा?

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसेच संकटात असताना उंदीर आणि शेवाळ यांचे कौतुक हे पोट भरलेल्यांचे चोचले नव्हेत काय? आम्हीही बराच काळ असेच मानीत होतो. परंतु ज्या पाण्याने तो उंदीर गेला तेच पाणी टॉरेस सामुद्रधुनीतील लोकांच्या दारात आले आहे. तेथील बेटवासीयांनी २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये समितीने निर्णय दिला, की त्यांचे पुरेसे संरक्षण न केल्याने ऑस्ट्रेलियाकडून त्यांच्या हक्कांचा भंग झाला. पूर्वजांच्या दफनभूमी वाहून जात असल्याची त्यांची तक्रार होती. उंदीर हा या प्रकरणातील पहिला अर्ज होता. तो वाचता आला असता तर पुढचे अर्जदार थोडे आधी दिसले असते.

राहता राहिला १.६ हा आकडा. आम्ही आयुष्यभर आकडे पाहिले, म्हणून कागदावर गणित मांडून पाहिले. दरवर्षी १.६ टक्के घट म्हणजे सुमारे त्रेचाळीस वर्षांत निम्मे, शंभर वर्षांत जेमतेम पाचवा हिस्सा. पण एका वर्षात ही घट डोळ्यांना दिसत नाही. शंभर रोपांतील दीड-पावणेदोन रोपे कमी झाली हे कोणाच्या लक्षात यावे? मोठी पडझड झाली की माणसे धावतात. हळू घटणारे मात्र प्रत्येक वर्षी ‘जवळपास होते तेवढेच’ असते आणि त्यामुळे प्रत्येक वर्षी दप्तरी दाखल होते.

हे लिहिताना आपल्याच मंडळींचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. ज्यांची घराणी गायकवाडांच्या काळात येथे आली, त्यांतील अनेकांना ताकाकियाची गोष्ट ओळखीची वाटेल. आपण कोठे गेलो नाही, आपल्या पायांखालची भूमी बदलत गेली. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी त्याच भूमीवर सीमारेषा आली. आपणही वाकलो, रुजलो, दोन भाषांत राहावयास शिकलो. उपमा फार ताणू नये हे आम्ही जाणतो. भाषा म्हणजे जीवजात नव्हे. घरात मराठी बोलावयाची की नाही, हे आपण ठरवू शकतो. शेवाळाला तसे काही ठरवता येत नाही. पण म्हणूनच आपली जबाबदारी अधिक. मराठी वाचनालयातील वाचक एका वर्षात निम्मे होत नाहीत, दोघे-तिघे कमी होतात. सभेला दरवर्षी एखादी खुर्ची रिकामी राहते. आणि ज्या दिवशी वाचनालय बंद होईल, त्या दिवशी त्याच्यावर उत्कृष्ट भाषण करावयास आमच्यासारखा कोणी तरी निश्चित मिळेल.

नातीला आम्ही अखेर उत्तर दिले. सांगितले, की दुःख कोणाचे अधिक करावे हा प्रश्न आम्हांस आता फारसा महत्त्वाचा वाटत नाही. उंदराविषयी वाईट वाटते ते वाटू द्यावे, त्याचे ऋण तेवढेच आहे. परंतु ते दुःख शेवाळाच्या खात्यावर जमा धरू नये. गेलेल्याला आपण आठवण देणे लागतो, जाणाऱ्याला कृती. एकाचे देणे दुसऱ्याला देऊन हिशेब चुकता होत नाही. ती म्हणाली, “म्हणजे पाकिटं वेगळी करायची.” आम्ही वेगळी केली. एकावर तिने ‘संपले’ असे लिहिले, दुसऱ्यावर ‘चालू’.

‘चालू’ लिहिलेल्या पाकिटात आम्ही आणखी एक कागद ठेवला आहे. आमच्या वाचनालयाच्या चिटणीसांचे पत्र गेले दोन महिने टेबलावर पडून होते. जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांना ओल लागली आहे, ते उन्हात घालून यादी करावयास आठवड्यातून दोन सकाळी कोणी येईल का, अशी विचारणा होती. त्यावर काय लिहावयाचे हे सवयीने आमच्या हाताला ठाऊक होते. तो शब्द लिहिला नाही. येत्या मंगळवारपासून येतो, असे कळवले आहे.